वैद्य, हकीम आणि सरकारची नोंदवही

मेट्रो-५ चा पहिला टप्पा ठाण्याच्या कापूरबावडीपासून जिथपर्यंत आखला आहे, तो धामणकर नाका भिवंडीतला कायम तुंबलेला चौक. आसपासच्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. पाळी सुटली की कामगारांचा लोंढा रस्त्यावर येतो आणि त्यातले काही जण दवाखान्यांच्या बाकांवर जाऊन बसतात. या दवाखान्यांच्या पाट्यांवर बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस ही अक्षरे जागोजाग दिसतात; एमबीबीएसची पाटी मात्र शोधावी लागते. एक आयुर्वेदाचा पदवीधर, एक होमिओपॅथीचा, एक युनानीचा. तीन परंपरा, तीन वेगवेगळी शास्त्रे. तरीही तापाने फणफणलेला कामगार या तिघांपैकी कोणाकडेही गेला, तरी बहुतेक वेळा तो एक इंजेक्शन, तापाची गोळी आणि तीन दिवसांचे अँटिबायोटिक घेऊनच बाहेर पडतो.

याला कोणी लबाडी म्हणते, कोणी गरिबांची सोय म्हणते. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण ही व्यवस्था नाक्यावरच्या डॉक्टरांनी एकट्याने उभारलेली नाही. तिच्यामागे मुंबई इलाख्यात आणि नंतर महाराष्ट्रात शंभरहून अधिक वर्षे झालेले कायदे आहेत, समित्या आहेत आणि एक नोंदवही आहे. त्या नोंदवहीत कोणाचे नाव घालायचे आणि कोणाचे नाही, याचे भांडण अजून मिटलेले नाही.

सुरुवात भांडणाने झाली नव्हती. १८२६ मध्ये मुंबईत सरकारने देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकाची शाळा काढली. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख. शिक्षण मराठी-गुजरातीतून, पुस्तके भाषांतरित. ही शाळा १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा शिकवण्याची भाषा इंग्रजी झाली होती. तरी त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढ्यांनी देशी औषधाकडे पाठ फिरवली नाही. १८५१ च्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड महारोगावर कडूकवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग करीत राहिले. १८७४ मध्ये वारले तोपर्यंत त्यांनी आपल्या औषधाची कृती जगजाहीर केली नव्हती. हे गुपित राखणे आधुनिक डॉक्टराला शोभणारे नव्हते, जुन्या वैद्याच्या वळणाचे मात्र नक्की होते. डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या देशी औषधांची यादी १८७९ मध्ये छापली. भारतीय औषधी वनस्पतींवरच्या मोठ्या ग्रंथावर बा. दा. बसू यांच्या जोडीला नाव आहे ते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांचे. कीर्तिकर लष्करी वैद्यकीय सेवेतले, लंडनला शिकलेले. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या मंडळींना वैद्याकडून हवी होती ती वनस्पती. वैद्य स्वतः नको होता. औषध उचलायचे, शास्त्र मागे ठेवायचे. पुढच्या सगळ्या वादाची मेख इथे आहे, असे मला वाटते.

त्या काळची भिवंडी म्हणजे खाडीकाठचे व्यापारी गाव. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, भाताचा आणि लाकडाचा व्यापार, हातमाग. १८५७ च्या उठावानंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर इथे येऊन स्थिरावले. त्यांच्या घरांत सर्दीखोकल्यावर जोशांदा, अशक्तपणावर खमीरा आणि माजून ही ओळखीची नावे. स्थानिक हिंदू घरांत वैद्याचा काढा आणि आजीबाईचा बटवा. खाडीपलीकडच्या आगरी आणि आदिवासी पाड्यांवर भगत, सुईण आणि हाडवैद्य. या प्रत्येकाचे गिऱ्हाईक ठरलेले होते आणि कोणाला कोणाचा परवाना लागत नव्हता.

जवळच पनवेलला १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वरची औषधशाळा सुरू केली. आसवे, अरिष्टे, भस्मे कारखान्यात तयार होऊ लागली. सोय मोठी झाली, पण वैद्याचा एक मोठा अधिकार हातचा गेला. तोपर्यंत औषध आणि वैद्य एकाच घरात राहत. आता औषध बाटलीत भरून दुकानात आले आणि ते कोणीही विकू शकत होते.

संघटित होण्याची गरज याच सुमारास वैद्यांना जाणवू लागली. ‘आर्यभिषक्’ हे नियतकालिक चालवणारे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरवले. दोन वर्षांत ते वारले, पण आयुर्वेद महासंमेलन टिकले. उत्तरेत हकीम अजमल खान यांनी १९१० मध्ये वैद्य आणि हकीम यांची एकत्र परिषद उभी केली. हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम एका मांडवात बसले, कारण दोघांवर येणारे संकट एकच होते आणि ते मुंबईहून येत होते.

ते संकट म्हणजे १९१२ चा मुंबई वैद्यक कायदा. देशात अशा प्रकारचा हा पहिलाच. डॉक्टरांची सरकारी नोंदवही सुरू झाली आणि त्या वहीत फक्त पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांनाच जागा होती. वैद्याने औषध देऊ नये असे कायदा म्हणत नव्हता. पण कायद्याने लागणारा आजारपणाचा दाखला नोंदवहीतल्या डॉक्टरानेच द्यायचा होता. सरकारी दवाखान्यातली नोकरीही त्यालाच. गिरणीत आणि कचेरीत कामाला जाणाऱ्या माणसाला रजेसाठी दाखला लागतो. काढ्याने बरा झालेला कारकूनही मग सहीसाठी डॉक्टराकडे जाऊ लागला. वैद्याचा धंदा पहिल्यांदा गेला तो अशा कागदामुळे.

पुढे राष्ट्रीय चळवळीने आयुर्वेद-युनानीला आपले म्हटले आणि १९३७ मध्ये काँग्रेसचे सरकार आले तेव्हा त्या शब्दाची परतफेड करणे भाग होते. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात आरोग्य खाते होते डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे. गिल्डर हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर, विलायतेत शिकलेले. अशा माणसाच्या कारकिर्दीत १९३८ चा मुंबई वैद्यक व्यावसायिक कायदा झाला आणि वैद्य-हकिमांना त्यांची स्वतःची नोंदवही मिळाली. वैद्यकशाळेत शिकलेल्यांचे नाव वहीत. न शिकलेले, पण ठरावीक तारखेच्या आधीपासून धंदा करणारे, यांची वेगळी यादी. या दोन्हींत नाही त्याने धंदा करायचा नाही.

मला हा कायदा सगळ्या इतिहासात सर्वांत शहाणा वाटतो, कारण त्याने कोणाला खोटे बोलायला लावले नाही. वैद्य हा वैद्य म्हणून नोंदला गेला, हकीम हा हकीम म्हणून. १९४१ मध्ये वरळीला पोदार आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा वैद्याच्या मुलाला शिकायला चांगली जागाही झाली.

मग आला भोर समितीचा अहवाल. १९४६ चा. स्वतंत्र भारताची आरोग्यव्यवस्था या अहवालावर उभी राहिली असे सगळे म्हणतात आणि ते खरे आहे. त्या वेळी देशात आधुनिक वैद्यकाचे सुमारे ४७,५०० डॉक्टर होते. त्यांतले सुमारे ३०,००० पदवीधर नव्हते, ते लायसन्सिएट होते. वैद्यकशाळेतला छोटा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडलेले एलएमपी किंवा आपल्याकडचे एलसीपीएस. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, गिरणगावात हेच डॉक्टर असत. भोर समितीने ठरवले की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा, पूर्ण पदवी घेतलेला. लायसन्सिएटच्या शाळा बंद कराव्यात. काही सदस्यांनी याविरुद्ध टिपण जोडले होते. ते अहवालातच राहिले. देशी वैद्यकाबद्दल समितीने निर्णय दिला नाही, तो प्रांतांवर सोपवला.

दर्जाच्या दृष्टीने समितीचे म्हणणे बिनतोड होते. पण मधली पायरी काढून घेतली आणि नवा एमबीबीएस डॉक्टर भिवंडीसारख्या गावी गल्लीत दवाखाना टाकायला येईना. ती रिकामी जागा कोण भरणार, याचा विचार झालाच नाही. जागा मात्र रिकामी राहत नसते.

ती भरली आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या महाविद्यालयांनी. या महाविद्यालयांत काय शिकवायचे यावरून जे रणकंदन झाले, ते आज वाचताना करमणूक होते आणि वाईटही वाटते. एक पक्ष ‘शुद्ध’ आयुर्वेदाचा. चरक-सुश्रुत शिकवा, आधुनिक शरीरशास्त्राची भेसळ नको. मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना मुंबई राज्यात या पक्षाची चलती होती आणि शुद्ध आयुर्वेदाचा वेगळा अभ्यासक्रमही चालू झाला. दुसरा पक्ष ‘मिश्र’ शिक्षणाचा. १९४८ मध्ये चोप्रा समितीने दोन्ही शास्त्रांची सांगड घाला असे सांगितले, १९५० च्या दशकात दवे समिती त्याच बाजूची निघाली, तर १९६३ मध्ये व्यास समितीने पुन्हा शुद्धतेचा पुरस्कार केला. दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदले. विद्यार्थ्यांना मिश्र हवे होते आणि त्याचे कारण अगदी साधे होते. ज्या गावात त्यांना पोट भरायचे होते तिथला रोगी सुई मागत होता.

होमिओपॅथीची कथा थोडी निराळी. ती ना देशी, ना सरकारी. जर्मनीतून आलेले हे शास्त्र शिकवण्यासाठी मुंबई राज्यात एलसीईएचचा अभ्यासक्रम निघाला आणि १९५९ चा वेगळा कायदा झाला. या अभ्यासक्रमात आधुनिक वैद्यकाचे विषयही होते, म्हणून हे पदवीधर पुढे अ‍ॅलोपॅथीचा हक्क सांगू लागले. महाराष्ट्र झाल्यावर १९६१ मध्ये आयुर्वेद-युनानीसाठी महाराष्ट्र वैद्यक व्यावसायिक कायदा आला. आज भिवंडीत बोगस डॉक्टर पकडला की पोलीस ज्या कलम ३३ खाली गुन्हा नोंदवतात, ते याच कायद्याचे. त्यानंतर केंद्राचे कायदे आले, भारतीय वैद्यकासाठी १९७० चा, होमिओपॅथीसाठी १९७३ चा, आणि देशभर एकसारख्या पदव्या झाल्या.

याच वर्षांत भिवंडी बदलत होती. हातमाग जाऊन यंत्रमाग आले होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतले कापड जे बाहेर गेले, त्यातला मोठा वाटा भिवंडीकडे आला. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इथून माणसे आली. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ७,०९,६६५ माणसे मोजली गेली. एवढ्या शहराला मोठे सरकारी रुग्णालय एकच, इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, आणि तिथून पुढे धाडायचे तर ठाणे, कळवा किंवा मुंबई.

आता मागावर काम करणाऱ्या माणसाचा दिवस बघा. पाळी बारा तासांची. एका खोलीत आठ-दहा जण, काही दिवसपाळीचे, काही रातपाळीचे, म्हणजे अंथरुण एकच आणि निजणारे दोन. जेवण भिशीत, महिन्याचे पैसे भरून. खाडा झाला की त्या दिवसाचे कापड गेले आणि मजुरीही गेली. अशा माणसाला वैद्याने काढा सांगितला तर तो उकळायचा कुठे? पथ्य सांगितले तर पाळायचे कसे, भिशीवाला त्याच्यासाठी मुगाची खिचडी वेगळी करणार आहे का? आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही शास्त्रांत औषधाइतकेच वजन आहाराला, झोपेला, ऋतूला आहे. ही शास्त्रे घर गृहीत धरतात, चूल गृहीत धरतात, आणि घरात त्या चुलीपाशी एक बाईमाणूस गृहीत धरतात, हेही सांगायला हवे. यंत्रमाग कामगाराकडे यांतले काहीच नव्हते. त्याच्याकडे होते पन्नास-शंभर रुपये आणि उद्या सकाळी मागापुढे उभे राहण्याची सक्ती.

म्हणून नाक्यावरच्या हकिमाच्या पदवीधर मुलाने खमीऱ्याची बरणी मागच्या फळीवर ठेवली आणि पुढे सुईचे ताट मांडले. गोळ्या कागदाच्या पुडीत, पाकिटाबाहेर काढून, हातातून दिलेल्या. काय दिले ते रोग्याला कळू नये हा त्यात थोडा हेतू असतोच. दुकानातून तेच पाकीट घेऊन तो पुढच्या खेपेला डॉक्टराला टाळेल ही भीती असते. पण तपासणी, औषध आणि इंजेक्शन मिळून एकच रक्कम, प्रसंगी उधारीवर, आणि तेही रात्री दहा-अकरापर्यंत. सरकारी रुग्णालयाची ओपीडी सकाळची असते, म्हणजे तिथे जायचे तर खाडा आलाच. कामगाराने हिशेब बरोबर केला होता.

या हिशेबाची खरी किंमत क्षयरोगात दिसली. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतल्या शंभरेक खासगी डॉक्टरांना क्षयावर काय औषध द्याल ते लिहायला सांगितले. १९९१ मध्ये तो अभ्यास छापून आला. उत्तरात ८० वेगवेगळे औषधक्रम निघाले. या डॉक्टरांत सगळ्या पद्धतींचे पदवीधर होते, एमबीबीएसही होते. जवळजवळ वीस वर्षांनी झरीर उडवाडियांच्या चमूने तीच परीक्षा पुन्हा घेतली. १०६ डॉक्टर, ६३ औषधक्रम, बरोबर लिहिणारे फक्त सहा. अर्धवट औषधांनी क्षय बरा होत नाही, तो औषधाला दाद न देणारा होतो. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या कोंदट कारखान्यात आणि आठ-दहा जणांच्या खोलीत तो शेजाऱ्याला जातो. धारावीचे आकडे भिवंडीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण दोन्हींकडची खोली, धूळ आणि दवाखाना सारखाच आहे.

सरकारने या काळात काय केले? २५ नोव्हेंबर १९९२ रोजी महाराष्ट्राने अधिसूचना काढली आणि १९६१ च्या कायद्याखाली नोंदलेल्या ठरावीक पदवीधरांना आधुनिक औषधे देण्याची मुभा दिली. याच वर्षी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले मेल्याने राज्य हादरले होते. आदिवासी भागात डॉक्टर मिळत नव्हते. पुढे तिथे आयुर्वेदाचे पदवीधरच वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमले गेले. न्यायालयांची दिशा मात्र कधी इकडे, कधी तिकडे. पूनम वर्मा खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका होमिओपॅथला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिल्याबद्दल दोषी धरले; रोगी दगावला होता, भरपाई तीन लाख रुपये ठरली. १९९८ मध्ये मुख्तियार चंद खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की राज्याने मुभा दिली असेल तर आयुर्वेद-युनानीवाल्यांना ती औषधे देता येतील. तेव्हापासून धामणकर नाक्यावर शेजारी शेजारी बसलेल्या तिघांत कायद्याने भेद झाला. बीएएमएस आणि बीयूएमएसच्या सुईला महाराष्ट्रात आधार होता, बीएचएमएसच्या सुईला नव्हता. बाकावरच्या रोग्याला हा फरक कोणी सांगितला नाही.

तो भेद मिटवायला २०१४ मध्ये कायदे बदलले. होमिओपॅथने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा आणि मग ती औषधे द्यावीत. डॉक्टरांच्या संघटनेने याला न्यायालयात आव्हान दिले. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत या होमिओपॅथांची नावे घ्यायची ठरली, विरोध झाल्यावर ते थांबले, सप्टेंबरात पुन्हा आदेश निघाला आणि १८ सप्टेंबरला राज्यातल्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. १९१२ च्या नोंदवहीत कोणाला घ्यायचे, हाच तो वाद.

संपावर जाणाऱ्या डॉक्टरांचा मुद्दा चुकीचा नाही. एका वर्षात औषधशास्त्र येत नाही आणि पदवी एका शास्त्राची घेऊन धंदा दुसऱ्याचा करणे हे शास्त्रालाही बरे नाही. पण राज्य स्वतः काय करते तेही पाहा. १०८ च्या रुग्णवाहिकेत बसून अपघातातल्या माणसाला सलाइन लावणारा डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस, बीएचएमएस किंवा बीयूएमएस असतो. शाळेतल्या मुलांची तपासणी करणारी पथके आयुषच्या डॉक्टरांची. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी बहुधा आयुर्वेदाचा. २०२० च्या साथीत खासगी दवाखाने बंद पडले, तेव्हा कोविड केंद्रे चालवायला याच पदवीधरांना बोलावले गेले. साथ असली की ते कोविड योद्धे, साथ सरली की मिश्र पॅथीवाले.

या शंभर वर्षांत आयुर्वेद आणि युनानीचे सर्वाधिक नुकसान झाले, असे माझे मत आहे. विलायती वैद्यकाने त्यांना हरवले हे अर्धेच कारण. त्यांच्याच पदवीधरांना सरकारने अ‍ॅलोपॅथीचे बदली कामगार म्हणून वापरले. ज्याने साडेपाच वर्षे शास्त्र शिकले त्याला ते शास्त्र वापरायची सवड भिवंडीने दिली नाही, आणि जे वापरायला सांगितले ते नीट शिकवले नाही. दोन्ही शास्त्रे पाटीवर राहिली. १९३८ च्या कायद्याने वैद्याला वैद्य म्हणून जगायला जागा दिली होती, तसे काही करायचे तर आज कामगाराच्या वस्तीत संध्याकाळी उघडा असणारा सरकारी दवाखाना लागेल, ज्यात एमबीबीएस डॉक्टर असेल आणि शेजारच्या खोलीत खराखुरा हकीम किंवा वैद्य. राज्यात ‘आपला दवाखाना’ या नावाने संध्याकाळच्या दवाखान्यांची सुरुवात झाली आहे; त्यांची संख्या आणि डॉक्टर टिकतात का, यावर पुढचे ठरेल.

तोवर भिवंडीत असा किंवा कुठल्याही गावात बाकावर बसलेले असा, डॉक्टराची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा. औषध पुडीतून हातात मिळाले तरी त्याची नावे कागदावर लिहून मागा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तो कागद घेऊन सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या. ती फुकट होते, आणि आधी कोणते औषध पोटात गेले हे तिथल्या डॉक्टराला त्या कागदावरूनच कळते.